कॉम्प्युटर हँग होतोय आणि संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शेवटाकडे एक उत्तर लिनक्सवाल्यांसाठीही आहे. सुरुवातीलाच एक कळकळीची विनंती: एका वेळी एकच बदल करा आणि तो तारखेसह वहीत लिहून ठेवा. ड्रायव्हर, बायोस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) आणि रॅम एकाच संध्याकाळी बदलले, तर हँग होणं थांबलं तरी कशामुळे थांबलं ते कळत नाही. महिन्याभराने तोच त्रास परत आला की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

१. ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला तर फक्त स्क्रीन बिघडायला हवी. सगळा कॉम्प्युटर का अडकतो?

कारण ग्राफिक्स ड्रायव्हरचा, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, मुख्य भाग विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. वर्ड किंवा टॅली अडकलं तर विंडोज ते बंद करू शकते. कर्नलमधला ड्रायव्हर अडकला तर त्याच्यावर हात टाकणारं वर कोणी उरत नाही. शिवाय आज डेस्कटॉपवरची प्रत्येक खिडकी, अगदी साधं नोटपॅडसुद्धा, ग्राफिक्स चिपकडूनच रंगवून घेतलं जातं. चिपने उत्तर देणं थांबवलं की मागे कामं सुरू असूनही समोर काहीच हलत नाही.

हा दोष जुना आहे. विंडोज व्हिस्टाबरोबर ड्रायव्हरची सगळी रचना बदलली, तेव्हा तर त्याने कहर केला होता. पुढे एका खटल्यात मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत ईमेल उघड झाले. त्यांत २००७ मधल्या क्रॅशच्या नोंदींपैकी सुमारे २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होत्या. आज परिस्थिती खूप सुधारली आहे, पण संशयितांच्या यादीत ग्राफिक्स ड्रायव्हर अजूनही वरच असतो.

२. हँग ड्रायव्हरमुळेच झालाय हे कसं ओळखायचं?

अडकलेल्या अवस्थेत आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा आणि त्याचा दिवा बघा. दिवा चालू-बंद होत असेल तर विंडोज आत जिवंत आहे, फक्त चित्र थांबलं आहे. अशा वेळी ग्राफिक्सवरचा संशय बळावतो. गाणं व्यवस्थित वाजत राहिलं आणि स्क्रीन मात्र काळी किंवा स्थिर झाली, तरी अर्थ तोच. दिवाही बदलत नाही आणि आवाज एकाच ठिकाणी घरघरत राहतो, तेव्हा संपूर्ण मशीन अडकलेलं असतं. ते ड्रायव्हरमुळे होऊ शकतं, तसंच रॅम किंवा वीजपुरवठ्यामुळेही.

माऊस फिरतोय, पण क्लिक केल्यावर मिनिटभराने काहीतरी घडतं, असं असेल तर आधी डिस्क तपासा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर ड्रायव्हरमागे धावण्यात वेळ घालवू नका. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज १० चालवणाऱ्यांचा त्रास बहुतेक वेळा हाच असतो.

ग्राफिक्सकडे बोट दाखवणाऱ्या आणखी काही खुणा आहेत. व्हिडिओ, गेम किंवा दुसरा मॉनिटर जोडतानाच अडकणं, स्क्रीनवर रंगीत चौकटी किंवा रेघा येणं, आणि पंखे फिरत असताना मॉनिटरने ‘नो सिग्नल’ म्हणणं.

३. आत्ता स्क्रीन अडकली आहे आणि काम सेव्ह केलेलं नाही. पॉवर बटण दाबून बंद करू का?

लगेच नको. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. एक बीप ऐकू येते, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडलेली कामं सहसा शाबूत राहतात. गेम मात्र बंद पडू शकतो.

उपयोग झाला नाही तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून अर्धा मिनिट थांबा. पर्यायांची यादी असलेली स्क्रीन आली तर तिथून टास्क मॅनेजर उघडून अडकलेला प्रोग्रॅम बंद करा. स्क्रीन दिसत नाही पण कॅप्स लॉकचा दिवा बदलतोय, अशी स्थिती असेल तर पुढचं काम न बघता करून पाहा. ज्या प्रोग्रॅममध्ये काम चालू होतं तो समोर असणार असं धरून कंट्रोल आणि एस दाबा. फाइलला आधी एकदा नाव दिलेलं असेल तर ती बऱ्याचदा सेव्ह होते.

यातलं काहीच चाललं नाही, तरच पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा.

४. स्क्रीन एक-दोन सेकंद काळी होते आणि आपोआप परत येते. याची काळजी करावी का?

महिन्यातून एखाद्या वेळी झालं तर नाही. रोज होत असेल तर नक्की करावी.

व्हिस्टापासून विंडोजमध्ये एक पहारेकरी व्यवस्था आहे, तिला टीडीआर म्हणतात. ग्राफिक्स चिपने दिलेलं काम २ सेकंदांत संपवलं नाही आणि ती मध्ये थांबायलाही तयार नसेल, तर विंडोज चिप अडकली असं समजते आणि चिप व ड्रायव्हर दोन्ही नव्याने सुरू करते. तीच काळी झलक तुम्हाला दिसते. मिनिटभरात असं पाचांहून अधिक वेळा घडलं, किंवा पुन्हा सुरू करणंच जमलं नाही, तर विंडोज हात टेकते आणि ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असं लिहिलेली निळी स्क्रीन येते. तिचा स्टॉप कोड ११६.

म्हणजे काळी झलक ही त्याच आजाराची सौम्य पायरी आहे. याच टप्प्यावर प्रश्न ५ मधल्या नोंदी पाहिल्या तर पुढचा मनस्ताप वाचतो.

५. नोंदी कुठे बघायच्या, आणि त्यांतलं काय महत्त्वाचं?

विंडोज आणि एक्स दाबून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, त्यात ‘विंडोज लॉग्ज’ आणि मग ‘सिस्टिम’. हँग झाल्याची वेळ आठवून त्याच्या आधीची पाच मिनिटं बघा.

‘डिस्प्ले’ या स्रोताची ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे ड्रायव्हर थांबला आणि सावरला. त्या वाक्यात ड्रायव्हरचं नावही असतं. एनव्हीएलडीडीएमकेएम म्हणजे एनव्हिडिया, एएमडीकेएमडीएजी किंवा एटीआयने सुरू होणारं नाव म्हणजे एएमडी, आणि आयजीडीकेएमडीने सुरू होणारं म्हणजे इंटेल. लॅपटॉपमध्ये दोन चिप असतील तर दोषी कोण ते इथेच कळतं.

‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल नोंद बघून अनेक जण एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलून मोकळे होतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. तुम्ही स्वतः पॉवर बटण दाबून बंद केलंत तरी ती येते. तिच्यावरून काहीही ठरवू नका.

‘व्हीया-लॉगर’ या स्रोताच्या नोंदी दिसल्या तर रोख हार्डवेअरकडे वळवा, म्हणजे प्रश्न १९.

इव्हेंट व्ह्यूअर किचकट वाटत असेल तर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करून येणारा आलेख उघडा. तारखेवर क्लिक केल्यावर ‘लाइव्ह कर्नल इव्हेंट’ आणि खाली १४१ किंवा ११७ हा कोड दिसला, तर ग्राफिक्स चिप वेळेत उत्तर देऊ शकली नाही हे पक्कं. ती ड्रायव्हरच्या चुकीने अडकली की स्वतःच आजारी आहे, हे मात्र त्या कोडवरून कळत नाही.

आणि ४१ शिवाय एकही नोंद नसेल तर? मशीन इतकं अचानक थांबलं की नोंद लिहायलाही वेळ मिळाला नाही. अशा वेळी वीजपुरवठा आणि रॅम आधी तपासावेत.

६. माझ्याकडे कोणता ड्रायव्हर आहे आणि त्याची आवृत्ती कोणती, हे कसं बघू?

स्टार्टवर उजवं क्लिक, ‘डिव्हाइस मॅनेजर’, ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’. कार्डाच्या नावावर दोनदा क्लिक करून ‘ड्रायव्हर’ या टॅबवर जा. तारीख आणि आवृत्ती तिथे आहे. या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चांगला चाललेला ड्रायव्हर कोणता होता, हे नंतर शोधणं फार जड जातं.

एनव्हिडियाचा आकडा विंडोज वेगळ्या पद्धतीने दाखवते. ३२.०.१५.६०९४ असं दिसलं तर टिंबं काढून शेवटचे पाच अंक घ्या, ५६०९४. तिसऱ्या अंकानंतर टिंब दिलं की कंपनीची आवृत्ती मिळते, ५६०.९४.

तिथे कार्डाच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असेल तर तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. मग व्हिडिओ अडखळणं, रिझोल्यूशन न बदलणं हे ओघाने आलंच.

७. ड्रायव्हर अपडेट झाला आणि त्या दिवसापासून हँग सुरू झालं. आता?

कारण समोरच आहे, त्यामुळे उपायही सोपा. प्रश्न ६ मधल्याच ‘ड्रायव्हर’ टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण आहे. ते दाबा, कुठलंही कारण निवडा, मशीन रीस्टार्ट करा. जुना ड्रायव्हर विंडोजने जपून ठेवलेला असतो, तो परत येतो. पुढे चार-पाच दिवस रोजच्यासारखं काम करून बघा. तासाभरात निष्कर्ष काढू नका, कारण यातले बरेच दोष ठरावीक जुळणी होईपर्यंत दिसत नाहीत. त्रास थांबला की विंडोजला तो ड्रायव्हर पुन्हा टाकण्यापासून रोखा, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

८. ‘रोल बॅक’ बटण करडं आहे, दाबताच येत नाही. किंवा रोल बॅक केलं तरी फरक नाही.

करडं बटण म्हणजे जुना ड्रायव्हर साठवणीत नाही. आता पूर्ण साफ करून हवी ती आवृत्ती नव्याने टाकावी लागेल. नुसतं ‘अनइन्स्टॉल’ केल्याने बऱ्याच फाइल्स आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी मागे राहतात, म्हणून डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, हे मोफत साधन वापरतात. क्रम असा ठेवा.

आधी हवा असलेला ड्रायव्हर डाउनलोड करून डेस्कटॉपवर ठेवा. डीडीयूही उतरवून उलगडून ठेवा. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आठवतोय ना ते बघा, कारण सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज चालते त्या अवस्थेत, पिन कधी कधी चालत नाही. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी सोय, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्या. एक रिस्टोअर पॉइंट तयार करा.

मग इंटरनेट तोडा. केबल काढा, वायफाय बंद करा. ही पायरी गाळली तर रीस्टार्ट होताच विंडोज स्वतःच्या मनाने ड्रायव्हर आणून बसवते आणि सगळी मेहनत वाया जाते. डीडीयू फसल्याच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हीच चूक असते.

आता शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा. ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, ‘रीस्टार्ट’ आणि मग ४ दाबा. सेफ मोडमध्ये डीडीयू उघडून प्रकार ‘जीपीयू’ निवडा, त्याखाली कंपनी निवडा आणि ‘क्लीन अँड रीस्टार्ट’ दाबा. कार्डच बदलणार असाल तर ‘क्लीन अँड शटडाउन’. परत विंडोजमध्ये आल्यावर स्क्रीन भसाड्या रिझोल्यूशनमध्ये दिसेल, ते अपेक्षितच आहे. डाउनलोड करून ठेवलेला ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा आणि त्यानंतरच इंटरनेट जोडा.

दर अपडेटला डीडीयू चालवायची गरज नाही. एरवी एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमधला ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ हा चौकोन किंवा एएमडीच्या इन्स्टॉलरमधला ‘फॅक्टरी रीसेट’ पुरतो.

९. मी जुना ड्रायव्हर टाकतो, विंडोज अपडेट परत नवा टाकतं. हे कसं थांबवू?

स्टार्टमध्ये ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ शोधा आणि ‘नो’ निवडा. काही मशीनवर एवढ्याने भागतं, पण दर वेळी नाही.

विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’, ‘विंडोज कंपोनन्ट्स’, ‘विंडोज अपडेट’ या वाटेने जाऊन ‘डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स’ हे ‘एनेबल’ करा. हा उपाय भरवशाचा, पण त्याने प्रिंटर आणि वायफायचे ड्रायव्हरही येणं थांबतं हे लक्षात ठेवा. होम आवृत्तीत ही सोय नाही. तिथे मायक्रोसॉफ्टचं ‘शो ऑर हाइड अपडेट्स’ हे छोटं साधन वापरून तेवढा एक ड्रायव्हर लपवता येतो.

१०. ड्रायव्हर नेमका कुठून घ्यायचा?

डेस्कटॉपमध्ये वेगळं कार्ड असेल तर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून: एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल. खोक्यावर कुठल्याही कंपनीचं नाव असलं तरी ड्रायव्हर चिपचाच लागतो. लॅपटॉप असेल तर पहिली पसंती लॅपटॉप कंपनीच्या साइटला, तुमच्या मॉडेलच्या पानावर. का ते प्रश्न १४ मध्ये.

‘तुमचे १७ ड्रायव्हर जुने झाले आहेत’ असं सांगणारे ड्रायव्हर अपडेटर टाकू नका. पुष्कळदा ते मिळत्याजुळत्या पण चुकीच्या मॉडेलचा ड्रायव्हर बसवतात आणि सोबत नको ते प्रोग्रॅम आणतात. चालू असलेला साउंड ड्रायव्हर बिघडवून ठेवणं हीसुद्धा त्यांची नेहमीची कामगिरी.

११. सर्वांत नवा ड्रायव्हर तोच सर्वांत चांगला ना?

नाही. तुमच्या मशीनवर, तुमच्या कामात जो अडकत नाही तो चांगला.

नवे ड्रायव्हर फसल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ ही आवृत्ती मागे घ्यावी लागली, कारण काही कार्डांचे पंखे नीट फिरत नव्हते आणि कार्डं तापत होती. २०२३ मध्ये ५३१.१८ आल्यावर गेम बंद केला तरी प्रोसेसर कामाला जुंपलेलाच राहत होता. आठवड्याभरात ५३१.२६ ही दुरुस्ती काढावी लागली.

आमचा सल्ला असा. नवा गेम घेतला असेल, किंवा सध्याच्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली असेल, तर अपडेट करा. एरवी ‘रिलीज नोट्स’मधला ‘नोन इश्यूज’ हा भाग वाचून, आवृत्ती येऊन दोन आठवडे झाल्यावर ठरवा. एनव्हिडियाच्या कार्डावर व्हिडिओ एडिटिंग किंवा डिझाइनवर पोट असेल तर ‘गेम रेडी’ऐवजी ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर घ्या. तो कमी वेळा येतो आणि एडिटिंग-डिझाइनच्या प्रोग्रॅमवर अधिक तपासलेला असतो. लग्नसराईत अल्बमचं काम अंगावर असताना तर कुठलाच ड्रायव्हर बदलू नका.

१२. फक्त क्रोममध्ये यूट्यूब बघताना हँग होतो. गेम तासभर चालतो, काही होत नाही.

व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये वेगळा विभाग असतो आणि ड्रायव्हरचा वेगळा भाग त्याला चालवतो. त्यामुळे गेम ठीक आणि व्हिडिओ अडकतो हे शक्य आहे. क्रोमच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’खाली ‘ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन’ बंद करा, क्रोम पूर्ण बंद करून उघडा आणि दोन दिवस बघा.

हँग थांबला तर दोष सापडला, पण हा कायमचा उपाय मानू नका. आता सगळा व्हिडिओ प्रोसेसरवर पडतो, जुना लॅपटॉप तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. ड्रायव्हर बदलून, म्हणजे प्रश्न ७ किंवा ८ प्रमाणे, तो पर्याय पुन्हा चालू करून पाहा.

१३. ब्लेंडर किंवा प्रीमियरमध्ये मोठं काम लावलं की ‘डिव्हाइस हंग’ येतं आणि प्रोग्रॅम बंद पडतो. टीडीआरची मुदत वाढवू का?

या एका परिस्थितीत वाढवणं रास्त आहे. जड रेंडरमध्ये एकच तुकडा २ सेकंदांहून जास्त घेऊ शकतो. चिप अडकलेली नसते, राबत असते, पण पहारेकरी तिला अडकलेली समजतो.

रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, ग्राफिक्स ड्रायव्हर्स इथे जा. आधी ‘फाइल’मधल्या ‘एक्स्पोर्ट’ने त्या विभागाची प्रत काढा. मग ३२ बिटची नवी ‘डीवर्ड’ नोंद करून तिचं नाव टीडीआर आणि डिले एकत्र जोडून द्या, ‘डेसिमल’ निवडून किंमत १० टाका आणि रीस्टार्ट करा. रेंडरला त्याहून जास्त लागत असेल तर ६० पर्यंत न्या. ही व्यवस्था पूर्ण बंद करण्याचा सल्ला कुठे मिळाला तर मानू नका. चिप खरोखर अडकली की मशीन सावरणारच नाही, पॉवर बटण हाच मार्ग उरेल.

साध्या डेस्कटॉपवर, कोरलड्रॉमध्ये किंवा गेममध्ये हँग होत असेल तर ही मुदत वाढवून काही साधत नाही. दोष तसाच राहतो, फक्त दोन सेकंदांऐवजी दहा सेकंद स्क्रीन गोठते.

१४. लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही आहेत. कोणाचा ड्रायव्हर बदलायचा?

प्रश्न ५ प्रमाणे नोंदीत ज्याचं नाव येईल त्याचा. नाव सापडत नसेल तर आधी इंटेलचा. अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनची तार इंटेलच्या किंवा एएमडीच्या आतल्या चिपला जोडलेली असते. मोठी चिप चित्र तयार करते आणि आतल्या चिपकडे सोपवते. त्यामुळे गेममध्ये हँग झाला म्हणून लोक एनव्हिडियाचा ड्रायव्हर चार वेळा बदलतात आणि आतल्या चिपच्या दोन वर्षं जुन्या ड्रायव्हरकडे कोणी बघत नाही.

लॅपटॉप कंपनी आपल्या मॉडेलच्या स्क्रीन, ब्राइटनेस आणि वीजबचतीप्रमाणे ड्रायव्हर जुळवून देते. म्हणून प्रथम दोन्ही ड्रायव्हर तिच्याच साइटवरून टाका. आधी आतल्या चिपचा, रीस्टार्ट, मग मोठ्या चिपचा. त्यानेही भागलं नाही तर चिप कंपनीचा.

१५. रात्री शटडाउन करतो, सकाळी चालू केला की तोच त्रास. रीस्टार्ट केला की दिवसभर ठीक. असं का?

‘फास्ट स्टार्टअप’मुळे. ते चालू असेल तर ‘शटडाउन’ने विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर खरे बंद होतच नाहीत, त्यांची अवस्था डिस्कवर साठवून सकाळी जशीच्या तशी उचलली जाते. बिघडलेली अवस्थाही त्यासोबत परत येते. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं नव्याने सुरू करतं. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. लॅपटॉप झाकण उघडल्यावर काळाच राहत असेल तर त्याचंही मूळ वीजबचतीत असू शकतं. त्यासाठी प्रश्न ३ मधली चार बटणं आधी वापरून पाहा. स्क्रीन परत आली तर ड्रायव्हर बदलण्याकडे वळा.

१६. दोन मॉनिटर लावले की स्क्रीन लुकलुकते, मधूनच क्षणभर थांबते. पूर्ण हँग होत नाही.

दोन्ही मॉनिटरचा रीफ्रेश रेट एकसारखा करून बघा, निदान चाचणीपुरता. एक १४४ हर्ट्झ आणि दुसरा ६० हर्ट्झ असेल तर दोन्ही ६० वर आणा. फरक पडला नाही तर ‘डिस्प्ले’, ‘ग्राफिक्स’ या सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर अ‍ॅक्सलरेटेड जीपीयू शेड्युलिंग’ बंद करून रीस्टार्ट करा. ही सोय २०२० मध्ये विंडोज १० मध्ये आली. काही कार्ड-ड्रायव्हर जोड्यांना ती मानवत नाही. केबलही बदलून पाहाच. सैल डिस्प्लेपोर्ट केबलने लुकलुकणारा मॉनिटर ड्रायव्हर बदलून सुधारत नाही.

१७. ड्रायव्हर टाकल्यावर विंडोज सुरूच होत नाही, लोगोनंतर काळी स्क्रीन.

मशीन चालू करा आणि विंडोजचा लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचं पान उघडते. तिथून प्रश्न ८ मधल्या वाटेने सेफ मोडमध्ये जा आणि ड्रायव्हर रोल बॅक करा किंवा काढा. बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की मागितली जाईल. ती नसेल तर दुसऱ्या मोबाइल किंवा कॉम्प्युटरवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून उपकरणांच्या यादीत शोधा.

डेस्कटॉपवर आणखी एक सोपी वाट असते. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर मॉनिटरची केबल कार्डातून काढून मदरबोर्डला लावून बघा.

१८. सेफ मोडमध्ये दिवसभर काही झालं नाही. म्हणजे ड्रायव्हरच दोषी, हे सिद्ध झालं ना?

अर्धंच. सेफ मोडमध्ये कार्डाचा ड्रायव्हर चढत नाही, पण त्यामुळे कार्डावर भारही येत नाही. तापणारं कार्ड, कमजोर एसएमपीएस, बिघडलेली व्हिडिओ मेमरी, सगळेच सेफ मोडमध्ये शांत राहतात. उलट मात्र खात्रीने सांगता येतं: सेफ मोडमध्येही हँग झाला तर ग्राफिक्स ड्रायव्हर निर्दोष आहे. शोध रॅम, डिस्क आणि मदरबोर्डकडे न्या.

१९. तीन वेगवेगळे ड्रायव्हर साफ करून टाकले, तरी हँग होतोच.

मग ड्रायव्हर सोडा. तीन आवृत्त्यांमध्ये तोच दोष असणं दुर्मीळ. पुढचा क्रम खर्चाच्या दृष्टीने लावला आहे, फुकट गोष्टी आधी.

कार्ड किंवा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला असेल तर मूळ वेगावर आणा. कारखान्यातूनच जास्त वेगाने आलेली कार्डं वय झाल्यावर तो वेग झेपवू शकत नाहीत. तिथे वेग ५० मेगाहर्ट्झने कमी करून बघा. रॅम जास्त वेगाने चालवणारं एक्सएमपी प्रोफाइल बायोसमध्ये बंद करा. रॅमची चूक ग्राफिक्स ड्रायव्हरच्या नावावर खपून जाणं हा नेहमीचा चकवा आहे. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं साधन रात्रभर चालवा. एकही चूक निघाली तर रॅम दोषी.

तापमान बघा. कार्डाचा गाभा सतत ८५ अंशांच्या वर राहत असेल तर धूळ काढा आणि थर्मल पेस्ट तपासा. हँग फक्त एप्रिल-मेच्या दुपारी होत असेल, पहाटे आणि पावसाळ्यात होत नसेल, तर उत्तर जवळजवळ मिळालंच. विदर्भ-मराठवाड्यात खोलीच ४० अंशांवर असते, मग कार्डाला थंड व्हायला वावच राहत नाही.

वीज बघा. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या तारेतून आणखी ७५, आठ पिनांच्या तारेतून १५०. कार्डाला दोन जोडण्या लागत असतील तर एकाच तारेचे दोन फाटे न लावता एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र तारा आणा. यूपीएसही हिशेबात धरा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. गेमिंग कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून तेवढ्यावर सहज जातात, आणि वीज गेल्या क्षणी मशीन बंद पडतं किंवा अडकतं.

शेवटी कार्ड काढून सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच पुसा आणि घट्ट बसवा. शक्य असेल तर ते मित्राच्या मशीनमध्ये लावून बघा. याहून पक्की चाचणी नाही.

२०. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळी खूण आणि ‘कोड ४३’ आहे.

ड्रायव्हरने विंडोजला कळवलं आहे की कार्ड बिघडलंय, म्हणून विंडोजने ते बंद केलं. प्रश्न ८ प्रमाणे एकदा साफ करून ड्रायव्हर टाका. खूण परत आली आणि स्क्रीनवर चौकटीही दिसत असतील तर कार्डच गेलं आहे. चिपला उष्णता देऊन ‘जिवंत’ करण्याचा उपाय काही आठवडे चालतो, त्यावर मोठी रक्कम घालवू नका. ऑनलाइन अतिशय स्वस्तात घेतलेल्या कार्डावर हा कोड पहिल्याच दिवशी आला तर ते बनावट असण्याची शक्यता तपासा. जुन्या चिपवर नव्या मॉडेलचं नाव चढवून विकलेली कार्डं बाजारात असतात.

२१. माझं कार्ड जुनं आहे, जीटी ७१० किंवा जीटी ७३०. नवा ड्रायव्हर का बसत नाही?

ही एनव्हिडियाची कार्डं आहेत आणि कंपनीने त्यांचे नवे ड्रायव्हर थांबवले आहेत. जीटी ७१० केप्लर पिढीचं आहे. या पिढीला ४७० मालिकेपुढे नवे ड्रायव्हर मिळाले नाहीत, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या सप्टेंबर २०२४ पर्यंतच होत्या. जीटी ७३० दोन प्रकारांत विकलं गेलं. त्यातला एक प्रकार त्याहून जुन्या फर्मी पिढीचा, त्याची गाडी ३९१ मालिकेवर थांबली. म्हणून नावावरून नाही, तर जीपीयू-झेड हे साधन उघडून चिपची पिढी बघून ड्रायव्हर निवडा.

जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांचे नेहमीचे ड्रायव्हरही ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिमाही सुरक्षा दुरुस्त्या मिळतील. अशा कार्डासाठी शेवटचा चांगला चाललेला ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर जपून ठेवा.

२२. लिनक्सवर असंच होतं. तिथे काय करायचं?

कंट्रोल, ऑल्ट, एफ३ दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन आलं तर गाभा जिवंत आहे, तिथून मशीन नीट रीस्टार्ट करता येतं. पुन्हा सुरू झाल्यावर जर्नलसीटीएल ही आज्ञा ‘वजा बी, वजा १, वजा के’ या पर्यायांसह चालवा. मागच्या वेळच्या गाभ्याच्या नोंदी मिळतात. एनव्हिडियाच्या बाबतीत ‘एक्सआयडी’ हा शब्द शोधा. एक्सआयडी ७९ म्हणजे मदरबोर्डशी असलेल्या जोडणीवर कार्ड दिसेनासं झालं. ते बहुधा वीज, उष्णता किंवा सैल कार्ड, म्हणून प्रश्न १९.

कर्नल अपडेटनंतर काळी स्क्रीन येत असेल तर ग्रब मेनूतून आधीचा कर्नल निवडा. तो चालला तर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर तयार झालेला नाही, किंवा सिक्युअर बूटने त्याला अडवलं आहे. ड्रायव्हर तुमच्या लिनक्स वितरणाच्या सॉफ्टवेअर भांडारातूनच पुन्हा टाका. कंपनीच्या साइटवरची फाइल चालवली असेल तर दर कर्नल अपडेटला हाच खेळ होईल.

२३. शेवटी दुकानात न्यायचं ठरवलं. सोबत काय द्यावं, काय सांगावं?

हँगच्या वेळा आणि तेव्हा काय चालू होतं ते, ड्रायव्हरच्या ज्या आवृत्त्या टाकून पाहिल्या त्या, ४१०१ किंवा व्हीया-लॉगरच्या नोंदीचा फोटो, आणि विंडोज फोल्डरमधल्या ‘मिनीडंप’ची प्रत. लॅपटॉप असेल तर त्याचाच चार्जर द्या. डेस्कटॉप असेल तर शक्यतो घरचा यूपीएस आणि मॉनिटरची केबलही न्या, कारण दुकानात वेगळ्या विजेवर आणि वेगळ्या केबलवर मशीन निमूट चालतं आणि ‘काही दोष नाही’ म्हणून परत येतं. डेटाचा बॅकअप स्वतः घ्या. ‘फॉरमॅट मारून देतो’ असं पहिल्याच मिनिटाला ऐकू आलं, तर फॉरमॅटच्या आधी दुसरं कार्ड आणि दुसरा एसएमपीएस लावून बघायला सांगा. त्याला अर्धा तास पुरतो.